वाचकांचे प्रश्न : संगीत नाटकावर घर चालते का?

प्रश्न : मी चोवीस वर्षांची असून गायनात विशारद झाले आहे. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत ‘मानापमान’मधील भामिनीची भूमिका केल्यापासून हेच काम पूर्णवेळ करावे, असे मला तीव्रतेने वाटू लागले आहे. आधी नोकरी धर, असे वडिलांचे म्हणणे आहे. या कामावर माणूस जगू शकतो का? आणि बैठकीत दोन तास सहज गाणारी मी रंगमंचावर दुसऱ्या अंकातच का थकते? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रयोगाच्या मानधनावर, म्हणजे ज्याला आम्ही ‘नाइट’ म्हणतो त्यावर, संगीत नाटकातील कलावंताचे घर आज चालत नाही. तीस वर्षे हेच काम केल्यानंतर हे लिहिताना मला वाईट वाटते, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट ठरेल. किर्लोस्कर मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व मंडळी या नाटक कंपन्यांच्या काळात नट कंपनीच्या बिऱ्हाडातच राहत असे. जेवण, तालीम, पगार आणि गुरू हे सारे त्याला एकाच छपराखाली मिळत असे. ते छप्परही पक्के नव्हते. 1932 पासून मराठी बोलपट आले आणि एकेक कंपनी खचत गेली. 1913 पासून स्वतःची मंडळी चालवणाऱ्या बालगंधर्वांना कर्जाच्या ओझ्याखाली 1935 मध्ये चित्रपटात काम करावे लागले. साठच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा बहर आला, तेव्हाचे अनेक मोठे गायक-नट नोकरदार होते. ‘कट्यार काळजात घुसली’मधील खाँसाहेब 1967 मध्ये उभे करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती, आणि रामदास कामत एअर इंडियात नोकरीला होते. जयराम आणि जयमाला शिलेदार यांच्यासारखे आपले सबंध घरच रंगभूमीला वाहणारे लोकही झाले, परंतु तो मार्ग एकट्या व्यक्तीला पेलणारा नव्हे. तेव्हा वडिलांचे म्हणणे मानावे, असे मी मनापासून सांगते; मात्र नोकरी निवडताना पगाराइतकेच रजेचे नियमही पाहावेत, कारण प्रयोगाची तारीख आपल्या सोयीने ठरत नाही. नोकरी नको असेल, तर गायनाची शिकवणी, नाट्यसंगीताच्या मैफली, आकाशवाणीची श्रेणी (गायिका म्हणून तिथली मान्यता) या सर्वांची जोड द्यावी लागेल आणि त्यातून उरलेल्या वेळात नाटक करावे लागेल.

आता तुमच्या थकव्याविषयी. हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ चांगल्या गायिका याच ठिकाणी रंगभूमी सोडून जातात. बैठकीत तुम्ही बसून, तानपुऱ्याच्या आधाराने, फक्त गाता. नाटकात पदाच्या आधी दहा मिनिटे तुम्ही मोठ्याने बोललेल्या असता, नऊवारीत आणि दागिन्यांत वावरलेल्या असता, आणि ते बोलणे बहुधा तुमच्या गाण्याच्या पट्टीशी कोणतेही नाते नसलेल्या स्वरात, घशावर ताण देऊन झालेले असते. गळा गाण्याने थकत नाही. तो गद्याने थकतो आणि त्याचा परिणाम गाण्यात ऐकू येतो. भामिनीच्या भूमिकेत तर हा धोका दुहेरी आहे. नाटकात भामिनी वेष पालटून वनमाला होते; तशी वावरताना अनेकजणी आवाज मुद्दाम बारीक किंवा जाड करतात, आणि पद मात्र स्वतःच्या आवाजात गाऊ पाहतात. वेषांतर आवाजाचे नसावे. ते बोलण्याच्या लयीचे असावे.

मला माझ्या गुरुजींनी लावलेली सवय सांगते. नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद, पाठ करताना तानपुरा लावून ठेवावा आणि प्रत्येक वाक्य आपल्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आसपास बोलून पाहावे. वाक्य गायचे नाही, ते बोलायचेच आहे. फक्त स्वर आपल्या घरातला असावा. पदापूर्वीच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवादक हळूच सूर धरतो. तेथे तुमचे बोलणे आधीच त्या सुराजवळ पोहोचलेले असेल, तर पद त्या वाक्यातूनच उमलते आणि पहिल्या ओळीसाठी गळ्याला उडी घ्यावी लागत नाही. ‘सौभद्र’मध्ये सुभद्रेचा विलाप गाताना मी सुरुवातीची काही वर्षे आधी खरोखर रडत असे आणि मग बसलेल्या आवाजात गात असे. रडू प्रेक्षकांना आले पाहिजे, एवढी साधी गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. याखेरीज तालमीत संपूर्ण नाटक उभ्याने, नऊवारी नेसून, सलग करावे, आणि दौऱ्यात रात्रीच्या गाडीत बोलणे बंद ठेवावे.

‘वन्स मोअर’विषयी माझे मत स्पष्ट आहे. तिसऱ्या अंकात मोठे पद असेल, तर दुसऱ्या अंकात तो नम्रपणे नाकारावा. रसिक रुसत नाहीत.

काम मिळण्याचा खरा उपाय म्हणजे भूमिका तयार असणे. भामिनी, सुभद्रा, रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या चार भूमिका नक्कल आणि पदांसह तुम्हाला आयत्या वेळी उभ्या करता आल्या, तर बदली कलाकार म्हणून बोलावणे येते, आणि बदली म्हणून उभी राहिलेली अनेक माणसे पुढे त्या भूमिकेची मालक झाली आहेत. मानधन आणि प्रवासखर्च मात्र आधी लेखी ठरवून घ्यावा. एका संस्थेने माझ्या पाच प्रयोगांचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत, आणि दाखवायला माझ्याजवळ एक चिठ्ठीही नाही.

प्रश्न : हल्ली जुन्या संगीत नाटकांतील निम्मी पदे गाळतात. हे योग्य आहे का? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलेल्या ‘शाकुंतल’मध्ये सुमारे दोनशे पदे होती आणि नाटक रात्र रात्र चालत असे. आज नाट्यगृह तीन-साडेतीन तासांसाठी मिळते, त्यामुळे काटछाट टळत नाही. माझी तक्रार ती कशी केली जाते याबद्दल आहे. लोकप्रिय पदे ताना-आलापांनी लांबवली जातात आणि साक्या, दिंड्या, म्हणजे कथानक पुढे नेणारी साध्या चालीची छोटी पद्ये, गाळली जातात. परिणामी नाटकाची मैफल होते आणि पात्रे मध्येच कोणाशी का बोलत आहेत, हे नव्या प्रेक्षकाला कळत नाही. चार पदांचा विस्तार आवरला, तर आठ साक्या सहज बसतात. शिवाय सुरात बोलायला नवा नट शिकतो, तो या साकी-दिंडीतच. म्हणून प्रयोगात त्या गाळाव्या लागल्या, तरी आमच्या तालमीत मुलांकडून मी त्या सगळ्या पाठ करून घेते.