पेटीवरचं नाव आणि आतला आंबा

प्रश्न : 'व्हिसा'च्या नावाने मेल आला : २४ तासांत पडताळणी करा, नाहीतर कार्ड बंद. माझ्या कार्डाचे पहिले चार आकडे त्यात बरोबर होते. खरा असेल का? (आंबा बागायतदार, देवगड)

उत्तर : नाही. कार्ड तुम्हाला बँकेने दिलंय; व्हिसा किंवा मास्टरकार्ड फक्त व्यवहाराची वाट पुरवतात. कार्ड बंद करायचंच झालं तर ते बँक करेल. आकड्यांचं म्हणाल, तर व्हिसाचं प्रत्येक कार्ड ४ नेच सुरू होतं आणि सुरुवातीचे आकडे बँक कुठली ते सांगतात. तुमच्याच बँकेच्या हजारो ग्राहकांचे ते सारखे असणार. बँक शेवटचे चार लिहिते. (तेही जुळले म्हणून भुलू नका, चोरलेल्या याद्यांत ते सापडतात.)

पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे पेटीवरचा छाप. वर 'देवगड हापूस' आणि आत कर्नाटकचा आंबा, हे तुम्हाला मी काय सांगणार! नावावर टिचकी मारली की खरा पत्ता दिसतो. त्यात 'ॲट'च्या पुढचं वाचा, तेही शेवटाकडून. लिंकमध्ये सुरुवातीचं 'https://' सोडा आणि त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. बँकेचं नाव आधी कुठेतरी घुसडलंय आणि शेवट भलताच, तर मेल खोटा.

प्रश्न : तशाच मेलमधल्या लिंकवर मी कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी मागितल्यावर शंका आली म्हणून थांबले. वाचले ना? (निवृत्त शिक्षिका, गुहागर)

उत्तर : बाई, अजून नाही. ओटीपी आपल्याकडे लागतो. परदेशातली कित्येक दुकानं तो मागतच नाहीत. नंबर, मुदत आणि ते तीन आकडे एवढ्यावर त्यांचं भागतं. हे वाचत असाल तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा आणि नवं मागवा. फोन करायचा तर कार्डामागच्या नंबरावर. गुगलवर शोधलात तर तिथेही ठग बसलेले असतात. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला कळवा.

घाई अशासाठी, की रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवा. नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच राहू द्या. ऑक्टोबर २०२० पासून ते बटण आपल्या हातात आहे.

प्रश्न : पाहुण्याचं आगाऊ भाडं अडकलंय, कार्डाची माहिती भरून सोडवून घ्या, असा मेल आला. पानावर कुलपाचं चिन्हही होतं. (होमस्टे चालक, तारकर्ली)

उत्तर : पैसे खात्यात यायला मागचे तीन आकडे कधीच लागत नाहीत. कुलूप इतकंच सांगतं की वाटेत कुणी वाचणार नाही. पलीकडे कोण बसलंय, ते नाही. बुकिंग ज्या ॲपवरून आलं म्हणतात, ते स्वतः उघडून बघा. बहुतेक वेळा तो पाहुणाच तिथे नसतो.