जंगल नसलं तरी चालेल, एक झाड धरा

तुमचा प्रश्न असा आहे की पहिली-दुसरीच्या मुलांना वसंतात निसर्ग दाखवायला कुठे न्यावं. शाळा गावठाणात, जवळ जंगल नाही, दारात एक पिंपळ तेवढा आहे. मी पुणे जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेत बरीच वर्षं हेच वर्ग शिकवते. माझं ऐकाल तर लांब कुठे नेऊच नका. एकच झाड धरा आणि दर आठवड्याला त्याच्याकडे जा. सहलीत वीस झाडांची नावं ऐकलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घरी गेल्यावर एकही आठवत नाही, हे मी पाहिलंय.

आणि चैत्राची वाट पाहू नका. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण झाडं माघातच कामाला लागतात. झाड उघडंबोडकं असतानाच मुलांची त्याच्याशी ओळख व्हायला हवी, नाहीतर काय बदललं ते त्यांना कळणार कसं?

आमच्या शाळेमागे ओढ्याकाठी काटेसावर आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्यावर एक पान नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे झाड मेलंय." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, दिसतंय तसं वहीत काढायला सांगितलं. पुढच्या खेपेला फांद्यांवर गोल गोल कळ्या होत्या. मग एका सकाळी झाड लालभडक आणि खाली फुलांचा सडा! त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. जाड पाकळ्या पाच, हे त्यांनीच मोजलं. केसर मोजता मोजता सगळी दमली. फुलात मुंग्या कशाला येतात म्हणून एकीने बोट घातलं, तर चिकट! तेवढ्यावरून सगळ्यांच्या माना वर गेल्या. साळुंक्या, बुलबुल, कावळे, एक खार, सगळ्यांची तोंडं फुलात. पाखरं फुलं खातात की रस पितात यावर जोरदार भांडण झालं. मी ते मिटवलं नाही. वास घेताना मुलांच्या नाकाला पूड लागली होती, "पाखरांच्या चोचीलाही लागत असेल का?" एवढंच विचारलं. परागीभवन हा शब्द मी उच्चारलाही नाही. त्या वयात त्याची गरज नाही.

झाडाचं नावही शेवटी सांगा. आधी सांगितलं की मुलं बघायची थांबतात. खोडावरचे काटे हाताळून झाल्यावर "काटेसावर" म्हटलं, तर ते त्यांना आपलंच वाटलं. वार्षिक परीक्षेच्या सुमारास बोंडं फुटून कापूस उडायला लागतो, तोही चुकवू नका.

तयारी फार नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की आठच्या आत जाऊन या, वीस मिनिटं पुरतात. आदल्या दिवशी एकट्याने फेरी मारा: वर आग्या मोहोळ नाही ना, कुंपणाला खाजकुइलीच्या वाळक्या शेंगा नाहीत ना. एका वर्षी मी हे पाहिलं नाही आणि चार मुलं दिवसभर खाजवत बसली. तोडायचं काही नाही, पडलेलं उचलायचं, हा एकच नियम ठेवा.

तुमचा पिंपळ तर उत्तमच. त्याची कोवळी पानं तांबूस असतात, मग हिरवी होतात. मुलं आधी पान वाळलं असंच म्हणतील, म्हणू द्या. पिकलेल्या फळांवर तांबट येतो. त्याची टुक-टुक आधी ऐकू येते, पक्षी सापडायला वेळ लागतो, आणि सापडला की वर्ग एकदम चिडीचूप होतो. हाताला येईल अशी एक फांदी निवडून तिला आजच लोकरीचा धागा सैलसर बांधा, म्हणजे दर आठवड्याला तेच कोंब, तीच पानं पाहता येतील.