आधी सोमवारी कुठे जाणार ते ठरव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘इंदूरमधील मराठी समाजाची स्थळजाणीव : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास’. आत भूगोल, समाजशास्त्र, वास्तुकला, मानसशास्त्र, साहित्य, सगळंच आलंय. फक्त सोमवारी सकाळी घरून निघून तू जाणार कुठे, ते काही सापडलं नाही. रामबाग, राजेंद्रनगर अशा एखाद्या मराठी वस्तीत?

मला विचारशील तर इंदूरचा सराफा बाजार धर. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री शटर ओढलं की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्टे का कीस म्हणजे किसलेल्या मक्याचा पदार्थ, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद. भूगोलवाल्याच्या नकाशावर ती एकच रेघ. वास्तुकलेवाली ओट्याची उंची-रुंदी मोजेल. कायदा शिकलेला विचारेल, ओटा सराफाचा, मग त्यापुढे मांडायचा हक्क कोणाचा, आणि तो कागदावर आहे की तोंडी? मानववंशशास्त्रातली मुलगी संध्याकाळपासून कोपऱ्यात उभी राहील आणि आधी कोण कोणाला जागा करून देतं ते टिपेल. सराफा कुठे संपतो, याची या चौघांची उत्तरं जुळणार नाहीत. जिथे जुळत नाहीत, तिथे तुझा प्रबंध आहे. एकेका विषयाला एकेक प्रकरण वाटून दिलंस तर नुसती निबंधांची चळत होईल, आणि परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं.

सिद्धान्ताचं म्हणशील, तर भूगोलज्ञ यि-फू तुआन याचं वाक्य सगळेच उतरवतात : अवकाश ओळखीचा झाला, त्याला मोल आलं, की त्याची जागा होते. आजीच्या आठवणींसाठी ठीक आहे. सराफ्याला डोरीन मॅसी ही ब्रिटिश भूगोलज्ञ जास्त उपयोगी पडेल. जागेला पक्की कुंपणं नसतात, बाहेरून येणाऱ्या नात्यांच्या गाठीतून ती घडते, असं तिने 1991 मध्ये मांडलं. पेढीतलं सोनं, कढईतला मका आणि खायला आलेला पाहुणा, तिघेही बाहेरचेच की!

आणि पॅट्रिक गेडिस तुझ्या यादीत नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. मूळचा जीवशास्त्राचा माणूस, स्कॉटलंडमध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि होळकर दरबारासाठी इंदूरची नगररचना करायला आला. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 चा. तेव्हा शहरात प्लेगची धास्ती. त्याने दिवाळीत मिरवणूक काढवली, त्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर, आणि शेवटी त्यांचं दहन. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, लागेल तेवढंच कापा, हा त्याचा आग्रह. जागा, काम आणि माणसं एकत्रच पाहायची, हे सूत्र त्याने फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले याच्याकडून घेऊन आपल्या परीने बदललं. आंतरविद्याशाखीय हा शब्द त्याला कधी मिरवावा लागला नाही. अहवाल वाचताना मात्र सावध राहा. तो दरबारासाठी लिहिलेला आहे. गल्लीतल्या माणसांचं म्हणणं त्यात गेडिसच्याच तोंडून येतं.

नोंदणी एकाच विभागात कर, भूगोलात. सह-मार्गदर्शक वास्तुकलेचा शोध. तुझी विद्याशाखा कोणती, असं समितीने विचारलं तर ‘सगळ्याच विद्याशाखा’ असं उत्तर देऊ नकोस. मोडी येत नसेल तर या सुट्टीतच वर्ग लाव. होळकरांचे जुने कागद देवनागरीत भेटतील या आशेवर बसू नकोस. साहित्याचं प्रकरण सध्या काढून टाक. नवा आराखडा दोन पानांत बसव आणि पहिल्या पानावर हाताने काढलेला सराफ्याचा नकाशा हवा, दिवसाचा एक, रात्रीचा एक.

तुझी,
मॅडम