उसाची ट्रॉली, मोनॅको आणि पिटमधली वीस सेकंदं

तुम्ही विचारलं, आम्ही सांगितलं

प्रश्न : सर, मी आणि माझा धाकटा भाऊ मोबाइलवर मोनॅकोची फॉर्म्युला वन रेस बघालतो, २०२५ ची. मागची गाडी फास्ट आहे हे टायमिंगवर दिसालंय, तरी ती पुढं जाईनाच! दोन तास नुसती मिरवणूक. एवढी भारी इंजिनं असून ओव्हरटेक का होईना? भाऊ म्हणतो ड्रायव्हरच भितात. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, निपाणी

भावाला सांगा, भित नाहीत, भिणारा माणूस मोनॅकोतल्या शहराच्या रस्त्यांवरच्या त्या भिंतींमधनं गाडी काढूच शकणार नाही.

तुम्ही निपाणीचे, म्हणजे उसाच्या सीझनमधली डबल ट्रॉली तुम्हाला वेगळी सांगायला नको. मागच्या हिवाळ्यात मी चिकोडीकडनं येत होतो आणि पुढं एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस असा लोंबतोय की माझ्या बॉनेटवर पानं पडतायत, आणि तो बिचारा हात बाहेर काढून "जा की" म्हणतोय पण जाणार कुठनं, साइडपट्टी खचलेली आणि समोरनं बस. माझ्या गाडीत दम नव्हता का? होता की. रस्ता नव्हता.

मोनॅकोचं निम्मं उत्तर एवढंच आहे. आपल्याकडं चार मीटरच्या आतल्या गाडीला टॅक्स कमी म्हणून सगळ्या छोट्या गाड्या तेवढ्यात बसवतात, आणि तुम्ही जी रेस बघितली त्यातली फॉर्म्युला वनची गाडी साडेपाच मीटरच्या आसपास लांब आणि दोन मीटर रुंद. अशा दोन गाड्या शेजारी शेजारी बेळगावच्या गणपत गल्लीत घालून बघा, बाजाराच्या दिवशी. (२०२६ पासून रुंदी दहा सेंटीमीटरनं कमी केलीय, पण दहा सेंटीमीटरनं काय गल्ली रुंद होत नाही.)

उरलेलं निम्मं ब्रेकचं आहे आणि ते टीव्हीवर कळत नाही. रेसमध्ये ओव्हरटेक वळणावर होत नाही, वळणाच्या आधी ब्रेक मारताना होतो, म्हणजे पुढचा ज्या जागी ब्रेक दाबतो त्याच्या थोडं पुढं जाऊन तुम्ही दाबायचा आणि आतल्या बाजूनं नाक घुसवायचं. त्यासाठी आधी लांब सरळ रस्ता पाहिजे, मग मोठं ब्रेकिंग पाहिजे. मोनॅकोत दोन्ही नाही. अख्खा लॅप, म्हणजे एक फेरी, ३.३३७ किलोमीटरचा, त्यात १९ वळणं, आणि त्यातलं हॉटेलासमोरचं हेअरपिन (यू-टर्नसारखं वळण) तर इतकं आवळलेलं की तिथं गाड्या पन्नासच्या आत येतात आणि तेवढ्या एका वळणासाठी टीम्स स्टिअरिंग जास्त वळेल अशी खास सोय करून आणतात. लोक डर्टी एअरला शिव्या घालतात, म्हणजे पुढच्या गाडीनं घुसळलेल्या हवेमुळं मागच्या गाडीची पकड कमी होते ते, आणि ते खरं आहे, पण त्याचा खरा त्रास वेगाच्या वळणांवर. मोनॅकोत त्याच्यापेक्षा जागेचाच दोष जास्त, असं माझं मत.

पुरावा पाहिजे तर १९९२ घ्या. नायजेल मॅन्सेल त्या सीझनच्या पहिल्या पाचही रेस जिंकून आलेला, मोनॅकोतही पुढं होता. ७८ पैकी ७१ व्या लॅपला चाकाचा नट सैल झाल्याचा संशय आला म्हणून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी चाकं बदलायची जागा) गेला, बाहेर आला तर पुढं आयर्टन सेना. मॅन्सेलकडं नवे टायर, सेनाचे घासलेले, मॅन्सेल दोन-तीन लॅपमध्ये मागं येऊन चिकटला आणि मग शेवटपर्यंत डावीकडनं बघ, उजवीकडनं बघ, काही उपयोग नाही. सेना जिंकला, दोघांत फरक दोन दशांश सेकंदाचा. आणि २०२४ मध्ये तर पहिले दहा ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं रेस संपली, फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. शर्ल लक्लेर आपल्याच गावात जिंकला म्हणून तिथली माणसं रडत होती, पण बाकी जगाला झोप आली असणार.

हे सगळ्या गल्लीबोळातल्या सर्किटांना लागू करू नका मात्र. अझरबैजानच्या बाकूत किल्ल्यापाशी रस्ता ७.६ मीटरवर येतो, मोनॅकोलाही लाजवेल असा, पण त्याच सर्किटला दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, त्यामुळं २०१७ मध्ये डॅनियल रिकार्डो दहाव्या नंबरवरनं सुटून जिंकला. म्हणजे गल्ली अरुंद असली तरी चालतं, पुढं कुठंतरी हायवे पाहिजे.

प्रश्न : ओव्हरटेक होत नाही तर जागा बदलतात त्या पिट स्टॉपवर, असं ऐकलंय. अंडरकट, ओव्हरकट हे नीट सांगा. आणि २०२५ ला मोनॅकोत दोन स्टॉप सक्तीचे केले होते ना, मग तरी मजा का आली नाही?
— सीएनसी ऑपरेटर, उद्यमबाग

तुम्हाला सांगणं सोपं आहे. इन्सर्ट (मशीनमधलं कापणारं पातं) घासला की सायकल टाइम वाढतो, बदलायला मशीन थांबवावं लागतं, आणि कधी थांबवायचं ह्यावर दिवसाचे नग ठरतात. पिटमध्ये तेच. चाकं बदलायला दोन-अडीच सेकंदं लागतात (रेकॉर्ड १.८० सेकंदाचं, मॅक्लारेनचं, २०२३ कतार), पण खरा वेळ पिट लेनमध्ये जातो. मोनॅकोत तिथं ६० ची लिमिट आहे, म्हणजे आपल्या किर्लोस्कर रोडवर कॉलेजची पोरं त्याहून जोरात जातात. सगळं धरून वीसेक सेकंदं गेली समजा. रेस बघताना पुढच्या गाडीकडं बघू नका, ह्या वीस सेकंदांकडं बघा.

अंडरकट म्हणजे पुढच्याच्या आधी आपण पिटमध्ये जायचं, नव्या टायरवर एक-दोन लॅप जीव तोडून मारायचे, तो पिटमधनं बाहेर येईस्तोवर आपण पुढं. ओव्हरकट उलटा, तो आधी जाऊ दे, आपण मोकळ्या रस्त्यावर जोरात पळू, मग जाऊ. बहुतेक ठिकाणी अंडरकट चालतो. मोनॅकोत डांबर गुळगुळीत, वळणं स्लो, टायर घासत नाही आणि नवा टायर लवकर गरमही होत नाही, त्यामुळं आधी गेलेलाच फसतो. २०१७ ला किमी रायकोनेन पोलवर (सुटताना पहिल्या जागेवर) होता, त्याला आधी बोलावलं, बाहेर आला तर पुढं मंद गाड्या. सेबॅस्टियन वेटेल पाच लॅप मोकळ्यात हाणला आणि पिट करून त्याच्या पुढं आला. दोघं फेरारीचेच! रायकोनेनचं पोडियमवरचं तोंड बघण्यासारखं होतं.

ती वीस सेकंदं मोजताना चुकलं की संपलं. २०१५ ला लुइस हॅमिल्टन आरामात पुढं, शेवटी शेवटी सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली, त्याच्या मर्सिडीज टीमला वाटलं पिट करून पुढंच बाहेर पडेल. बाहेर पडला तिसरा. रोजबर्ग जिंकला.

आता २०२५. रेस कंटाळवाणी होते म्हणून नियम काढला की प्रत्येकानं टायरचे तीन सेट वापरायचेच, म्हणजे दोन स्टॉप आलेच. हेतू चांगला. पण टीम्स नियम काढणाऱ्यांहून हुशार. रेसिंग बुल्स टीमनं काय केलं, लियाम लॉसनला मुद्दाम हळू चालवायला लावलं, त्याच्या मागं अख्खी रांग तुंबली, आणि तेवढ्यात पुढं असलेल्या त्यांच्याच इसाक हाजारला दोन्ही स्टॉप फुकटात पडावेत एवढी गॅप मिळाली. हाजार सहावा, लॉसन आठवा. विल्यम्स टीमनं बघितलं आणि तेच केलं, आधी एकानं अडवायचं मग दुसऱ्यानं, नववा आणि दहावा नंबर खिशात. जॉर्ज रसेल इतका वैतागला की शिकेन (लागून आलेलं डावं-उजवं वळण) सरळ कापून पुढं गेला आणि पेनल्टी घेतली. पुढं मॅक्स वर्स्टापन दुसरा स्टॉप टाळत टाळत शेवटच्या आधीच्या लॅपपर्यंत थांबला, रेड फ्लॅग (रेस थांबवायचा लाल झेंडा) लागला तर टायर फुकट बदलता येतात म्हणून. लागला नाही. चौथा आला. नॉरिस जिंकला.

तुम्ही विचारलंत मजा का आली नाही, तर मला विचाराल तर मजा आली, पण रेसची नाही, दुकानदारीची. ज्या रस्त्यावर पुढं जाताच येत नाही तिथं स्टॉप वाढवले की अडवणाऱ्याचा भाव वाढतो, ओव्हरटेक करणाऱ्याचा नाही. सर्किट बदलायचं धाडस कुणात नाही, १९२९ पासूनची परंपरा ना.

प्रश्न : हैदराबादला झाली, चेन्नईला झाली, आपल्या बेळगावात स्ट्रीट रेस का होऊ नये? कॅम्पातले रस्ते तर मस्त रुंद आहेत.
— एक कॉलेजकुमार, टिळकवाडी

हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई (इलेक्ट्रिक गाड्यांची रेस) झाली हुसेन सागरच्या काठानं, चेन्नईला २०२४ मध्ये रात्रीची रेस. होऊ शकतं, पण रस्ता रुंद आहे एवढ्यानं भागत नाही राजा. दोन्ही बाजूला काँक्रीटच्या भिंती, वर जाळी, स्पीडब्रेकर उखडायचे, झाडांचं काय करणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गटाराची झाकणं. २०२३ ला लास वेगासमध्ये पहिल्या सरावाला दहा मिनिटंही झाली नव्हती आणि पाण्याच्या व्हॉल्व्हचं एक झाकण उखडून कार्लोस साइंझच्या फेरारीच्या पोटाखाली बसलं, गाडीची वाट लागली आणि सराव तिथंच बंद. रेसिंग गाडी जमिनीला जवळजवळ चिकटून पळते आणि खालची हवा ओढून घेते, त्यामुळं झाकण सैल असेल तर ते उचललंच जातं. अशा रस्त्यांवर झाकणं वेल्डिंग करून बसवतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक झाकण आहे, दोन वर्षं झाली, साधी स्कूटर गेली तरी धडाम वाजतं.