कळा सुरू झाल्यावर प्रसूती लवकर पुढे सरकावी म्हणून नैसर्गिक उपाय कोणते?
पलंगावर उताणं पडून राहू नका. चालणं, उभं राहणं, बसणं याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) अशा बायकांचा प्रसूतीचा पहिला टप्पा, म्हणजे गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, आडवं राहणाऱ्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी भरला. उभ्या अंगाने बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर नीट दाबून बसतं. कळ आली की भिंतीला धरून पुढे झुका, सोबतच्या माणसाकडून कंबर चोळून घ्या. लघवी तुंबवू नका, भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. एरंडेल मात्र कुणीही आग्रह केला तरी पिऊ नका. हे सगळं आई आणि बाळ ठीक असतील तरच. रक्तस्राव झाला, हिरवट पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.