बारोलोला निघालाय? आधी मेल टाका
बारोलो हे इटलीतल्या पिएमाँते प्रांतातलं वाइनचं गाव. तिथल्या लांगे टेकड्यांवर दिवसाला दोनच वायनरी ठेवा, एक सकाळी, एक दुपारच्या जेवणानंतर. तिथं घरचीच माणसं द्राक्षं तोडतात आणि तीच तुमचा ग्लास भरतात, त्यामुळे न कळवता दारात उभं राहू नका. नेब्बिओलो या इथल्या द्राक्षाची तोडणी साधारण ऑक्टोबरात. तेव्हा त्यांना खरंच उसंत नसते.

तळघरातली ओकची भलीमोठी पिंपं मात्र आवर्जून बघा. नेब्बिओलोची इथली रेड वाइन, तिचंही नाव बारोलोच, किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडात. पिंपातली कोवळी वाइन चाखायला मिळाली तर जीभ कोरडी पडेल, हिरड्या आवळतील. तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा गुण, घाबरू नका. थुंकायचं भांडं बिनधास्त मागा, गाडी चालवणाऱ्याने तर मागायलाच हवं. चाखण्याचे पैसे घेतले नाहीत, तर निघताना एक-दोन बाटल्या घ्याच.