विचारा तर खरं : आजी-आजोबा, दोन पोरं आणि ऑरलँडोचं नवं पार्क

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की जूनमध्ये सासू-सासरे सांगलीहून आले होते तेव्हा अटलांटाहून गाडी काढून आम्ही सहाजण ऑरलँडोला एपिक युनिव्हर्स बघायला गेलो. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे युनिव्हर्सलचं ऑरलँडोतलं तिसरं थीम पार्क, २२ मे २०२५ ला उघडलं. आधीच्या दोन पार्कांपासून काही मैल लांब आहे, चालत जाता येत नाही, हे आधीच सांगते कारण आमच्या ह्यांना ते हॉटेल बुक केल्यावर कळलं.

प्रश्न : आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी. त्यांना न्यावं का? की तिकिटाचे पैसे पाण्यात जातील? (एक वाचक, ठाणे)

न्या. पण राइड मोजायला नेऊ नका. बीपी, हार्ट, मान, पाठ यातलं काही असेल तर मोठ्या कोस्टरच्या दारातच बोर्ड लावलेला असतो की बसू नका, आणि तो बोर्ड शोभेला नाहीये. आमचे नाना, म्हणजे सासरे, ७४ चे, सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्या ६९, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. गेटपाशी भाड्याने व्हीलचेअर मिळते ती घेतली तर आईंनी तोंड फुगवलं, "मी काय लंगडी झालेय का", मग तासभर त्या खुर्चीवर आमच्या पिशव्या बसल्या आणि आई चालल्या, आणि मग एक चढ आला आणि पिशव्या माझ्या खांद्यावर आल्या. त्यानंतर रात्रीपर्यंत कोणी काही बोललं नाही.

या पार्कची रचना मला म्हाताऱ्या माणसांसाठी फार सोयीची वाटली. मधोमध सेलेस्टियल पार्क म्हणून बाग आहे, कारंजी, झाडं, बसायच्या जागा, आणि तिथूनच मोठमोठ्या कमानींतून चार वेगवेगळ्या दुनियांमध्ये शिरायचं: एक निन्टेंडोच्या गेम्सची, एक ड्रॅगनवाल्या व्हायकिंग गावाची, एक भुताखेतांची आणि एक हॅरी पॉटरवाली. एकातून बाहेर पडलं की परत बागेत. म्हणजे आईंचा मुक्काम बागेत, आम्ही पोरं घेऊन जायचं, यायचं, डबा उघडायचा, परत जायचं. जत्रेत नाही का, एक जण चपला सांभाळत बसतो, तसं.

आणि याच बागेत ते कॉन्स्टेलेशन कॅरोसेल आहे. आपल्याकडे मेरी-गो-राउंड म्हणजे घोडे वर-खाली आणि गोल गोल. इथे प्राणी वर-खाली होतात, गोल फिरतात आणि शिवाय स्वतःभोवती पण वळतात, म्हणजे कधी तुमचं तोंड बाहेर, कधी आत, कधी मागच्याकडे. वेग अगदी हळू. आई एकदा बसल्या, मग संध्याकाळी दिवे लागल्यावर परत, मग निघताना "शेवटचं हं" म्हणून अजून एकदा. सांगलीला फोन करून बहिणीला सांगितलं ते याचं, बाकी कशाचं नाही.

ड्रॅगनच्या गावात एक नाटक पण आहे, बंद थिएटरात, एसीत, आणि मोठा ड्रॅगन डोक्यावरून उडत जातो. दुपारी हेच करा. आईबाबा बसून राहतील, पोरं खूश आणि बाहेरचं ऊन टळेल.

प्रश्न : ताई मी सहावीत आहे. डाँकी काँगच्या राइडमध्ये गाडी तुटलेल्या रुळावरून उडी मारते हे मी व्हिडिओत बघितलं. खरंच उडी मारते का? चाक निसटलं तर? (डोंबिवलीहून)

बाळा, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण निन्टेंडोच्या दुनियेतल्या याच राइडपुढे आमचे नाना अख्खा तास उभे होते. नाना साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण काही फिरताना दिसलं की ते खाली वाकून बघणारच. लोक वर बघून ओरडत होते आणि नाना रेलिंगवर हात टेकून गाडीच्या खाली बघत होते. मग मला हाक मारली, "सूनबाई, हे बघ, वरचे रूळ खोटे आहेत."

आणि खरंच तसंच आहे. डब्याखाली जे मोडके लाकडी रूळ दिसतात ना, ते नुसते देखाव्याचे. खरा रूळ खाली लपवलाय. त्याच्यावरून एक गाडा पळतो, गाड्याला जाडजूड हात आहे आणि त्या हाताच्या टोकाला आपला डबा. त्यामुळे वरचा खोटा रूळ मध्येच तुटला तरी डब्याला काही फरक पडत नाही, खालचा अखंड आहे, आणि बसणाऱ्याला वाटतं आपण खड्ड्यावरून उडालो. तेव्हा उडी खोटी, चाकं खऱ्या रुळावरच घट्ट धरलेली. घाबरू नकोस.

माझा मुलगा दहाचा, तो बसून आला आणि सांगायला लागला की आजोबा आम्ही उडालो, आजोबा खरंच उडालो, तर नानांनी त्याला काही सांगितलं नाही, फक्त "हो का" म्हणाले. मी तुला सांगून टाकलं, तू विचारलंस म्हणून.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची, उंची १०० सेमी. कशात बसू देतील? बुटात जाड सोल घातला तर चालेल का? (एक आई, न्यू जर्सी)

सोल नको हो! तो नियम वयासाठी नाहीये, तो सेफ्टी बारसाठी आहे. अंगावर बार नीट बसला पाहिजे, तिथे बूट काय कामाचा. इथे दोन आकडे पाठ करा, ४० इंच आणि ४८ इंच, म्हणजे साधारण १०२ आणि १२२ सेमी. १०२ च्या वर झाली की डाँकी काँगची ती उडीवाली गाडी, ड्रॅगनवाला हिकप्स विंग ग्लायडर्स, हॅरी पॉटरची मोठी राइड, एवढं सगळं उघडतं. तुमची दोन सेंटीमीटरने राहतेय, वाईट वाटतंय मला, पण ट्रिप सहा महिन्यांनी ढकलता आली तर ढकला. नाहीतर योशीची राइड आहे, तिला ३४ इंच पुरतात, हळूहळू जाते आणि वरून सगळं निन्टेंडो वर्ल्ड दिसतं. शिवाय व्हायकिंग गावात बोटीत बसून पाण्याच्या पिचकाऱ्या मारायच्या, रंगपंचमीच म्हणा. आमची लेक पण पाचचीच, फक्त तुमच्या लेकीपेक्षा बोटभर उंच, पण दिवसभरात तिला सगळ्यात जास्त आवडली ती पिचकारीच. कपड्यांचा जादा जोड घ्या.

४८ इंचवाल्या राइडला चाइल्ड स्वॅप मागा. सगळ्यांनी एकत्र रांग लावायची, मग एक मोठा माणूस लहान पोराला घेऊन थांबतो, बाकीचे बसून येतात आणि मग तो थांबलेला परत रांग न लावता बसतो. भुतांच्या दुनियेत फ्रँकेन्स्टाइनवाली राइड आहे तिथे आम्ही हे केलं. नवरा बाहेर आला तो गप्प गप्प, मी म्हटलं काय झालं, तर म्हणे तूच बघून ये. मी बघून आले आणि मीही गप्प.

मनगटावरचा तो पॉवर-अप बँड घ्यायचा का हेही तुम्ही विचारलंय. साधारण ४५ डॉलर पडतात. निन्टेंडोच्या दुनियेतले ते गेमसारखे प्रश्नचिन्हाचे ठोकळे बँड नसला तरी ठोकता येतात, बँड असला तर खेळातली नाणी जमा होतात. दोन पोरं असतील तर दोन घ्या किंवा एकही नको. आम्ही एक घेतला. पुढचं सांगत नाही.

प्रश्न : जेवणाचं काय केलं? बाहेरचं आत नेता येतं का?

सुका खाऊ आणि दोन लिटरपर्यंत पाण्याची बाटली चालते, मोठे कडक कूलर नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ नेला होता. बॅग तपासणाऱ्या मुलीने चटणीची पुडी वर धरून बघितली, आई तिला मराठीतच "घे गं थोडी" म्हणाल्या. आतल्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, लाजू नका.

जूनमध्ये जाणार असाल तर दुपारनंतरचं काही ठरवू नका. फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे रोज ढग, जवळपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद, आणि ते बरोबरच आहे. आम्ही सकाळी आधी बाहेरच्या राइड उरकल्या आणि पावसात भुतांच्या गावातल्या आडोशाला बसलो. तिथे एक पवनचक्की आहे, थोड्या थोड्या वेळाने तिच्या पात्यांना चक्क आग लागते, बाहेर पाऊस आणि वर आग. आईंनी नमस्कारच केला.

प्रश्न : एवढे डॉलर घालवून तिकडे कशाला जायचं? आपलं इमॅजिका काय वाईट आहे? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

काका, वाईट कोण म्हणतंय. उलट आकडेच बघा. खोपोलीच्या इमॅजिकातलं नायट्रो कोस्टर २०१३ पासून आहे, साधारण ४० मीटर उंच, ताशी १०५ किमी. एपिकचं सगळ्यात मोठं कोस्टर स्टारडस्ट रेसर्स, तेही ४० मीटरच्या आसपास आणि वेग ताशी १०० किमी. म्हणजे पोटात गोळा येण्यापुरतं म्हणाल तर आपलं तसूभर कमी नाही, आणि नायट्रोला पायाखाली फरशी पण नाही, पाय लोंबकळत पाच वेळा उलटे. फरक आहे तो सोबतीचा. स्टारडस्टला दोन गाड्या एकदम सुटतात, शर्यत लावतात आणि एका ठिकाणी एकमेकींभोवती पीळ घेतात. नायट्रोला साखळीने वर ओढतात, इथे चुंबकाच्या जोरावर ढकलतात, त्यामुळे टकटक आवाज नाही, एकदम सुसाट.

चुंबकाचं हे नानांनी तिथे खाली उभं राहून मला समजावलं. तुमचा प्रश्न मी त्यांना फोनवर वाचून दाखवला तर त्यांना तो फार पटला. म्हणाले, खोपोलीचं यंत्र मी अजून खालून बघितलेलंच नाही. मार्चमध्ये त्यांना ७५ पूर्ण होतायत, मग एसटीचा प्रवास फुकट, तेव्हाच जाऊ म्हणाले, आणि मला विचारलं की सांगलीहून निघालेली गाडी खोपोलीला थांबते का हायवेनेच पुढे जाते. सांगलीकर वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर कळवा.